बुडाल्यानंतरचे नव्वद दिवस

(सोलापुरात दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न शेवटी घेतला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, उजनीत पाणी किती टक्के आहे ते सांगा. देवमाशाचं काय घेऊन बसलात!" (हशा) त्यांचं काही चुकलं नाही. आपण रात्रीच्या गाडीत बसावं तेव्हा कुठं सकाळी समुद्र दिसतो. तरी हा विषय मी सोलापुरात मुद्दाम घेतला. त्याला दोन कारणं आहेत. एक आत्ता सांगतो, दुसरं शेवटी.

पहिलं कारण गिरणीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या नॅन्टकेट नावाच्या एवढ्याशा बेटावरून जहाजं निघायची आणि दोन-दोन, तीन-तीन वर्षं परत यायची नाहीत. कशासाठी? तेलासाठी. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशापासून मिळणारं तेल दिव्यात स्वच्छ जळायचं, आणि वेगानं फिरणाऱ्या यंत्रांना वंगण म्हणून त्याला तोड नव्हती. सूतगिरण्यांतल्या चात्यांना ते लागायचं. आपली जुनी गिरणी १८७७च्या सुमाराला उभी राहिली तोवर हा धंदा उतरणीला लागला होता, कारण १८५९मध्ये अमेरिकेतच विहीर खणून खनिज तेल निघालं. पण चाती फिरते ती कुणाच्या तरी जिवावर, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आता मूळ हकीकत. ती आधी सरळ सांगतो, मग तिच्याबद्दल लिहिलेल्या पुस्तकांकडे वळू. कारण आज मला बोलायचं आहे ते पुस्तकांबद्दल.

'एसेक्स' नावाचं जहाज ऑगस्ट १८१९मध्ये नॅन्टकेटहून निघालं. कप्तान जॉर्ज पोलार्ड, आणि त्याच्या हाताखालचा फर्स्ट मेट ओवेन चेस. २० नोव्हेंबर १८२० रोजी, पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताजवळ, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दोन हजार मैलांवर, एका प्रचंड देवमाशानं जहाजाला समोरून दोनदा धडक दिली. जहाज फुटलं. वीस माणसं तीन शिकारी होड्यांत उतरली. म्हणजे आपल्या होडीवाल्यांच्या होडीपेक्षा थोडी मोठी, हलक्या फळ्यांची, वरून उघडी होडी. बुडत्या जहाजातून त्यांनी कडक बिस्किटासारखा पाव काढला, पिण्याचं पाणी काढलं, गालापागोस बेटांवरून आणलेली काही जिवंत कासवं घेतली. माणशी रोज अर्धा पिंट पाणी. म्हणजे आपला एक लहान पेला. पुढे तेही निम्म्यावर आलं.

महिन्याभरानं हेंडरसन नावाचं निर्मनुष्य बेट लागलं. तिथली पाखरं, अंडी आठवड्यात संपली. तिघं जण तिथंच राहिले, बाकीचे पुन्हा होड्यांत बसले. त्यानंतर माणसं मरू लागली. सुरुवातीला मेलेल्याला पाण्यात सोडत. नंतर सोडेनासे झाले. मेलेल्यांचं मांस खाऊन बाकीचे जगले. पोलार्डच्या होडीत तर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि कप्तानाचा तरुण मावसभाऊ ओवेन कॉफिन याला गोळी घालण्यात आली. चेसच्या होडीतले तिघं १८ फेब्रुवारी १८२१ला, नव्वदाव्या दिवशी, एका इंग्रजी जहाजाला सापडले. पाच दिवसांनी पोलार्ड आणि आणखी एक जण सापडला. बेटावरच्या तिघांना एप्रिलमध्ये आणलं. वीसपैकी आठ. तिसऱ्या होडीतून कोणीच परत आलं नाही.

इथवरची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी कुठं ना कुठं वाचली असेल, सिनेमात पाहिली असेल. माझा प्रश्न इथून पुढं सुरू होतो. ही गोष्ट आपल्याला कळली कशी? वाचलेल्या माणसानं सांगितली म्हणून. मग वाचलेला माणूस सांगताना काय मोजतो, आणि काय मोजत नाही?

चेस परत आला आणि त्याच वर्षी, १८२१मध्ये, त्याचं पुस्तक बाजारात आलं. लेखनात दुसऱ्या कुणाचा हात असावा असं अभ्यासक मानतात, पण माहिती आणि बाजू त्याचीच. हे पुस्तक वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे तो आक्रोश करत नाही. तो हिशोब देतो. वाऱ्याची दिशा, अक्षांश-रेखांश, शिधा किती, तो किती दिवस पुरेल, कोणत्या दिवशी निम्मा केला. पावाची पेटी तो स्वतःजवळ ठेवायचा आणि झोपताना तिच्यावर अंग टेकून, भरलेलं पिस्तूल हाताशी घेऊन झोपायचा. हे त्यानंच लिहून ठेवलंय. त्याच्या होडीतला आयझॅक कोल मेला तेव्हा पुढे काय केलं, तेसुद्धा तो लपवत नाही. म्हणून दोनशे वर्षं वाचक म्हणत आले की बघा, किती प्रामाणिक माणूस!

मीही पहिल्या वाचनात तेच म्हणालो होतो. आज तेवढं म्हणून थांबत नाही.

कारण चेसच्या होडीत आणखी एक जण होता. टॉमस निकर्सन. जहाजावरचा केबिन बॉय, पंधरा वर्षांचा पोरगा. त्यानं १८७६मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी, म्हातारपणी आपली हकीकत लिहिली आणि एका लेखकाला दिली. तो कागद तसाच पडून राहिला. १९६०मध्ये सापडला, १९८४मध्ये छापला गेला. तेव्हा जगाला पहिल्यांदा एका होडीच्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बघता आल्या.

आणि काय दिसलं? पहिल्या धडकेनंतर देवमासा जहाजाला लागून निपचित पडला होता. निकर्सन सांगतो, चेसच्या हातात भाला होता, मारता आला असता. पण शेपूट सुकाणूजवळ होती, माशानं फटका मारला तर सुकाणू तुटेल म्हणून त्यानं मारला नाही. आता हा निर्णय त्या क्षणी शहाणपणाचाच होता! तरी चेसच्या पुस्तकात तो नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. जहाज बुडाल्यावर जायचं कुठं? कप्तान पोलार्डचं मत होतं, वारा अनुकूल आहे, पश्चिमेकडे सोसायटी बेटांकडे, म्हणजे ताहितीच्या बाजूला जाऊ. चेस आणि सेकंड मेट मॅथ्यू जॉय यांनी ते मोडून काढलं. तिथं नरभक्षक असतील, ही भीती. म्हणून ते हजारो मैलांचा वळसा घेऊन दक्षिण अमेरिकेकडे निघाले. ज्या गोष्टीच्या भीतीनं जवळचा किनारा सोडला, तीच गोष्ट होडीत घडली. चेसच्या पुस्तकात हा निर्णय 'आम्ही सगळ्यांनी विचार करून' घेतल्यासारखा येतो. कुणाचं म्हणणं काय होतं, कुणी कुणाला गप्प केलं, ते निकर्सनमुळे कळतं.

म्हणजे चेस खोटं बोलतो का? नाही. त्याचे आकडे बरोबर आहेत. पण त्याचा हिशोब निर्णय झाल्यानंतर सुरू होतो. पावाच्या तुकड्यापासून. त्याच्या आधीचं पान त्याच्या वहीत नाही. आणि हेही लक्षात घ्या की त्याला पुन्हा समुद्रावर जायचं होतं, पुन्हा कुणीतरी जहाज हातात द्यायला हवं होतं. नोकरीच्या अर्जात आपण काय लिहितो आणि काय वगळतो, ते आपल्याला ठाऊक आहे. (हशा)

आणखी एक रकाना बघा. जहाज बुडालं तेव्हा वीसपैकी सहा खलाशी कृष्णवर्णीय होते. सहापैकी एकही वाचला नाही. ज्यांचं मांस खाल्लं गेलं, त्यांतले पहिले चौघं कृष्णवर्णीय होते. होड्यांतून वाचलेले पाचही जण नॅन्टकेटचे. हे ठरवून झालं असा पुरावा नाही. जहाजावर त्यांच्या वाट्याला आधीपासूनच निकृष्ट अन्न यायचं, त्यामुळे अंगात ताकद कमी होती, असं एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात. पण चेसच्या पुस्तकात या मृत्यूंची नोंद आहे, तारीख आहे, आणि प्रश्न मात्र नाही. कोण आधी गेलं आणि का, हे त्याला विचारावंसं वाटलेलं नाही.

आता यातून साहित्यानं काय घेतलं ते बघू. हर्मन मेलव्हिल हा तरुण खलाशी १८४१मध्ये देवमाशाच्या शिकारीच्या जहाजावर होता. भर समुद्रात त्याला चेसचा मुलगा भेटला आणि त्यानं बापाचं पुस्तक वाचायला दिलं. दहा वर्षांनी, १८५१मध्ये, 'मोबी डिक' आली. कादंबरीत एक प्रकरण असं आहे की ज्यात मेलव्हिल साक्षीपुरावा मांडावा तसा 'एसेक्स'चा दाखला देतो. म्हणजे उसनवारी त्यानं लपवलेली नाही.

पण त्यानं घेतलं काय? धडक घेतली. कादंबरीची एकशे पस्तीस प्रकरणं त्या धडकेकडे जातात. धडक होते, जहाज बुडतं, समुद्र वरून मिटतो, आणि कादंबरी संपते. मग दीड पानाचा उपसंहार. इश्माएल एका शवपेटीला धरून जेमतेम एक दिवस-रात्र तरंगतो आणि दुसरं जहाज त्याला उचलतं. लंडनच्या पहिल्या आवृत्तीत तर हा उपसंहारही छापला गेला नव्हता. तिथल्या समीक्षकांनी विचारलं की सगळे मेले, तर गोष्ट सांगतोय कोण? प्रश्न चेष्टेचा होता, पण माझ्या मते बचावाच्या सगळ्या वाङ्मयाला विचारायचा प्रश्न तोच आहे.

'एसेक्स' जिथं सुरू होते तिथं 'मोबी डिक' संपते. मेलव्हिलला नव्वद दिवस माहीत होते. त्याच्याजवळच्या चेसच्या पुस्तकात त्याच्या हातची टिपणं आहेत, आणि त्यांत तो म्हणतो की ही माणसं सरळ ताहितीला गेली असती तर हे सगळं टळलं असतं. इतकं नेमकं त्याला दिसलं होतं! तरी त्यानं ते नव्वद दिवस कादंबरीबाहेर ठेवले. का? मला वाटतं, महाकाव्याला धडक लागते, शत्रू लागतो, आहाबसारखा वेडा कप्तान लागतो. उपासमारीला शत्रू नसतो. तिथं फक्त पावाचा तुकडा आणि शेजारचा माणूस असतो. 'मोबी डिक' थोर आहे, यात शंका नाही. पण ही तिची एक पळवाट आहे, असं मी नम्रपणे म्हणेन.

आणि ही गोष्ट मेलव्हिललाही पुढं टोचली असावी. १८५२मध्ये तो नॅन्टकेटला गेला तेव्हा त्याला पोलार्ड भेटला. पोलार्डनं दुसरं जहाज घेतलं होतं, तेही १८२३मध्ये खडकावर फुटलं. त्यानंतर कुणी त्याला जहाज दिलं नाही. तो गावात रात्रीची गस्त घालायचा. चेसनं पुस्तक लिहिलं, पोलार्डनं नाही लिहिलं. मेलव्हिलच्या मनातून तो माणूस गेला नाही, आणि १८७६च्या 'क्लॅरेल' या दीर्घकाव्यात त्याच्यासारखा एक रात्रीचा पहारेकरी येऊन जातो. धडकेनंतरच्या माणसाकडे वळायला त्याला पंचवीस वर्षं लागली.

आता आपल्याकडे या. मराठीत समुद्र कमी आहे का? अजिबात नाही. इथून पंढरपूर जवळ आहे, तेव्हा पहिला समुद्र भवसागर. तो तरून जायचा, पैलतीर गाठायचा. तिथं नाव आहे, नावाडी आहे, पण शिधा नाही, कारण तो समुद्र खारा नाही. दुसरा समुद्र सावरकरांचा, १९०९चा, ब्रायटनच्या किनाऱ्यावरचा. तो मायभूमीपासून तोडणारा. तिसरा कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत'मधला. वादळाला छाती काढून उत्तर देणारा खलाशांचा पुढारी आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलाय. चौथा समुद्र विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चा. १९३९ची कादंबरी, बरीचशी बोटीवर घडते, मराठीतली फार मोठी कादंबरी. पण तिच्यातली माणसं प्रवासी आहेत. बोट चालवणारे हात आपल्याला क्वचितच दिसतात. पु. लं.नी हेमिंग्वेचा म्हातारा 'एका कोळियाने'मध्ये मराठीत आणला, तेव्हा कुठं हाताला दोरीचे वळ पडलेला माणूस आपल्याकडे आला. तोही अनुवादातून.

बुडण्याबद्दलच्या आपल्या म्हणी आठवून बघा. बुडत्याला काडीचा आधार. बुडत्याचा पाय खोलात. या म्हणी मला विहिरीच्या आणि नदीच्या वाटतात. काडी हाताशी यायला काठ जवळ लागतो. (हशा)

पण आपल्या किनाऱ्यावर जहाजं बुडाली नाहीत असं नाही. १८८८मध्ये 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. एकही माणूस वाचला नाही. आणि गुजरातीत तिची गाणी झाली, ती आजही गातात. हिशोब द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून लोकांनी गाणं केलं.

आणि आपली 'रामदास'. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला चार आठवडे उरले होते. आषाढ अमावास्येच्या सुमाराला, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली बोट वाटेतच कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. जवळच एवढं मोठं शहर, आणि त्याला पत्ता नाही! पोहून, तरंगून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी पकडलेली मासळी पाण्यात फेकून होड्या रिकाम्या केल्या आणि माणसं उचलली, असं तिकडं सांगितलं जातं. मला विचाराल तर, होडीत जागा करण्यासाठी दिवसाची कमाई पाण्यात टाकणं, हे 'एसेक्स'च्या नेमकं उलट टोक आहे. हे लिहिण्यासारखं नाही का?

वाचलेल्यांच्या आठवणी दरवर्षी जुलैत छापून येतात. मी वाचलेल्या आठवणी सकाळी बोट सुटल्यापासून सुरू होतात आणि हात धरून वर ओढलं तिथं संपतात. त्या माणसाची पुढची चाळीस वर्षं कशी गेली? तो पुन्हा बोटीत बसला का? शेजारी बसलेलं कोण सुटलं त्याच्या हातून? या प्रश्नांना सामोरी जाणारी मोठी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. आपणही मेलव्हिलसारखेच धडकेपाशी थांबलो. फरक इतकाच की त्यानं निदान धडक तरी लिहिली.

आता दुसरं कारण. हा विषय सोलापुरात का घेतला.

माझी आजी सांगोला तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. तिला दुष्काळाचं काही विचारलं की ती रडायची नाही, हळहळायची नाही. ती चेससारखी आकडे सांगायची. "आम्ही पाच जण. मिलोच्या भाकरी तीन. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांना." पाच जण, तीन भाकरी. दरवेळी हेच. आम्हाला ते पाठ झालं होतं, आम्ही पोरं तिच्या मागनं म्हणायचो आणि हसायचो. ती गेली तेव्हा उतरंडीच्या तळच्या मडक्यात फडक्यात बांधलेले वाळलेल्या भाकरीचे तुकडे निघाले. ओवेन चेस म्हातारपणी घराच्या माळ्यावर खाणं लपवून ठेवायचा, हे मी नंतर वाचलं. वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

पण खरी गोष्ट ती नाही. दिवसकार्य झाल्यावर माझी चुलत आजी सहज म्हणाली, "पाच कुठं? सहा होतो की. धाकटी कामावरच गेली, गोवरानं." आजीच्या हिशोबात धाकटी कधीच नव्हती. तिचं मोजणं सुरूच व्हायचं ते धाकटी गेल्यानंतर.

म्हणून मी म्हणतो की बचावाची हकीकत, मग ती चेसची असो, 'रामदास'मधल्या माणसाची असो, की खडीच्या कामावरच्या बाईची, वाचताना आकडे खरे धरा. पण शिध्याची पेटी कुणाकडे होती ते बघा, आणि मोजायला कुठून सुरुवात केली ते बघा. समीक्षेचं काम तेवढंच आहे. सांगणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हे नव्हे. आपण सगळे शेवटी वाचलेल्यांचीच लेकरं आहोत.

प्रश्नोत्तरांतून

एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, ज्यानं एवढं सोसलं त्याच्याकडे पूर्ण खरं मागणं हे क्रूर नाही का? तुमच्या आजीला तुम्ही विचारलं असतं का?"

उत्तर: चांगलं विचारलंस. नाही, बहुतेक नसतं विचारलं. समोर बसलेल्या माणसाला आणि छापलेल्या पुस्तकाला एकच प्रश्न विचारता येत नाही. चेसचं पुस्तक विकलं गेलं, त्यावर त्याची अब्रू उभी राहिली, आणि पोलार्ड गस्त घालत राहिला. तिथं प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण त्या पुस्तकात जे गप्प आहेत त्यांना दुसरी वही नाही. आजीचं वेगळं. तिनं कुणाला काही विकलं नव्हतं, कुणाचा दोष झाकला नव्हता. तिला तो आकडा उच्चारवत नव्हता, एवढंच.

पण एक चूक माझी झाली, ती कबूल करतो. आम्ही तिच्या मागनं म्हणायचो आणि हसायचो. निकर्सनला लिहायला पंचावन्न वर्षं लागली, कारण आधी कुणी त्या पोराला विचारलंच नसेल. तुमच्या घरात बहात्तरचं सांगणारं कोणी अजून असेल तर जाऊन बसा. किती जण होतात, एवढंच विचारा. आकडा सांगून झाल्यावर लगेच उठू नका. थोडा वेळ तिथंच बसा. पुढं बोलायचं की नाही, ते त्यांना ठरवू दे.